गावाचा अभिप्राय

माझे अक्षर चांगले आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ह्यात बढाई मारण्याचा हेतू नाही. पुढे जी हकीगत सांगावयाची आहे, तिचा सारा घोटाळा ह्या चांगल्या अक्षरातून उद्भवला, म्हणून ते सांगणे भाग आहे.

शिक्षण म्हणाल तर दहावी. परीक्षेचे नाव केव्हाच बदलले, पण आमच्या औसा तालुक्यातले म्हातारे अजून तिला मॅट्रिकच म्हणतात आणि मीही स्वतःला मॅट्रिक म्हणवून घेतो; त्यात थोडी प्रतिष्ठा वाटते. मॅट्रिक आणि वर रेखाकलेच्या दोन परीक्षा, एवढ्या भांडवलावर एका खाजगी संस्थेच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून चिकटलो, तो अजून तिथेच आहे. मधल्या काळात दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्याही गेल्या. परंतु गावाला त्यांच्याशी कर्तव्य नाही. गावाच्या दृष्टीने माझे खरे वाङ्मय म्हणजे पीकविम्याचे अर्ज, तहसीलदारांना दिलेली निवेदने, लग्नपत्रिकांचे मजकूर आणि निरोपसमारंभाची मानपत्रे. ह्या वाङ्मयाला बारमाही मागणी असते. शिवाय अर्ज लिहून घेणारा माणूस कधी 'ह्यात अनुभवाची खोली कमी पडते' असे म्हणत नाही.

तेव्हा २०२० च्या फेब्रुवारीत सरपंचांनी बोलावून घेतले आणि "मास्तर, गावाच्या वतीनं एक अभिप्राय लिवून द्या" असे सांगितले, त्यात मला वावगे काहीच वाटले नाही.

अभिप्राय हवा होता आमच्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाला. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या जानेवारीत, त्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबीर आमच्या गावी झाले होते. गाव त्यांनी दत्तक घेतले होते. दत्तक हा शब्द ऐकून आमच्या काकूने विचारले होते, "पोरं आपली की गाव त्यांचं?" ह्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

शिबीर झाले ते मात्र झकास झाले. पन्नास मुलेमुली आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत राहिली. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी घरोघर सर्वेक्षण आणि रात्री करमणूक असा क्रम होता. गावच्या बायांनी भाकऱ्या पुरवल्या. मुलांनी तीन शोषखड्डे खणले, देवळामागचा उकिरडा हलविला आणि गायरानाच्या उतारावर दोनशे रोपे लावली. कडुलिंब, करंज आणि सीताफळ. महिना पौषाचा. आदल्या पावसाळ्यात पावसाने हात आखडता घेतलेला. विहिरी तळाला गेलेल्या. खड्डे खणणाऱ्या मुलांकडे पाहत एका म्हाताऱ्याने शिबिराबरोबर आलेल्या तरुण प्राध्यापकाला हटकले, "सर, ह्या दिसांत कुणी झाडं लावतंय का?"

प्राध्यापक बिचारा सरळ माणूस. तासिका तत्त्वावर काम करणारा. तास झाले तर पैसे, नाही तर नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, अहवालात रकाना आहे."

म्हाताऱ्याला रकाना म्हणजे काय ते कळले नसावे. मला कळले. मास्तर आहे मी; माझे निम्मे आयुष्य रकाने भरण्यात गेले आहे.

त्याच सर्वेक्षणात एक मुलगी आमच्या काकूच्या वाट्याला आली. काकू म्हणजे माझी चुलती. नवरा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत, घरात एकटी. मुलीजवळ चाळीस प्रश्नांचा कागद होता. घर कच्चे की पक्के, शौचालय आहे का, असल्यास वापरता का, उत्पन्न किती, कर्ज किती. काकूने सगळी उत्तरे दिली. कर्जाचा आकडादेखील सांगितला, जो तिने मला कधी सांगितला नव्हता. कागद भरून झाल्यावर काकूने चहा केला आणि तो कपात ओतताना अर्धा बशीबाहेर सांडला. मुलीने ते पाहिले. "आजी, तुम्हाला दिसत नाही का नीट?" तिने विचारले. हा प्रश्न चाळिसांत नव्हता.

शिबीर उठले, मुले लातूरला गेली. मार्चमध्ये ती मुलगी आपल्या वडिलांना घेऊन परत आली. वडील रिक्षा चालवीत. दोघांनी काकूला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून घेतला आणि चौथ्या दिवशी घरी आणून सोडले. मुलगी हे महाविद्यालयात कोणाजवळ बोलली नाही. सांगण्यासारखे काही केले आहे असे तिला वाटलेच नसावे.

आता अभिप्रायाकडे वळतो. तो तरुण प्राध्यापक ग्रामपंचायतीत बसला होता. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती यायची होती आणि विस्तारकार्याच्या पुराव्यात गावाचे पत्र लागत होते. "सर, झाडांचा उल्लेख आकड्यासकट हवा," तो मला म्हणाला, "पंच्याऐंशी टक्के जगलेली दिसली तर बरं." दोनशेचे पंच्याऐंशी टक्के एकशे सत्तर. तो हिशेब मीच तोंडी करून दिला.

गायरान माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. त्या संध्याकाळी मला काम नव्हते. जाऊन पाहता आले असते. मी गेलो नाही. ग्रामपंचायतीच्या लेटरपॅडवर, माझ्या त्या चांगल्या अक्षरात, मी लिहून टाकले की शिबिरामुळे गावाचा चेहरामोहरा पालटला असून लावलेल्या दोनशे वृक्षांपैकी एकशे सत्तर वृक्ष आज डौलाने उभे आहेत आणि ग्रामस्थ त्यांना पोटच्या लेकरांप्रमाणे जपत आहेत. आकडा प्राध्यापकाचा होता. 'डौलाने' आणि 'पोटची लेकरे' ही भर माझी. कादंबरीकाराच्या हाती आकडा दिला की तो त्याला अंगरखा चढविल्याशिवाय राहत नाही. सरपंचांनी शिक्का मारला, साक्षीदार म्हणून मी सही केली आणि पत्र गेले. पुढल्याच महिन्यात टाळेबंदी आली आणि मी ते सारे विसरून गेलो.

त्याची आठवण झाली ती नांदेडला. २०२२ च्या सप्टेंबरात तिथे महाविद्यालयीन शिक्षकांचा एक मेळावा होता आणि ग्रामीण जीवनावर बोलण्यासाठी मला पाचारण केले होते. मॅट्रिक माणसाने प्राध्यापकांपुढे बोलायचे ह्या कल्पनेने मी एस.टी.त सुखावलो होतो. लातूरहून नांदेडचा रस्ता चाकूर, अहमदपूर, लोहा असा जातो आणि नांदेडच्या अलीकडेच विष्णुपुरीला विद्यापीठाचे आवार लागते. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, त्याच्या आधी आमच्याकडच्या महाविद्यालयांना थेट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. नांदेडचे हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चे. तारीख मुद्दाम धरलेली, हैदराबाद मुक्तिदिनाची. आणि नाव दिले आहे स्वामी रामानंद तीर्थांचे. निजामाशी झुंजणारे पुढारी म्हणून स्वामीजी सर्वांना ठाऊक आहेत, पण ते मुळात मास्तर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुले शिकवली. हिप्परगा आमच्याकडून फार लांब नाही. शाळा आणि गाव ह्यांत भिंत असते ही गोष्ट त्या पिढीच्या मास्तरांना सुचलीच नव्हती; त्यामुळे 'समाजाभिमुख उपक्रम' असा निराळा शब्दही त्यांना लागला नाही. असले विचार करीत मी नांदेडला उतरलो.

मेळाव्याच्या दालनात एका लांब टेबलावर नमुन्यादाखल अहवाल मांडले होते. चहाच्या वेळी मी चाळू लागलो. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ. एका अहवालात पान उलटले आणि समोर माझे अक्षर. प्लॅस्टिकच्या वेष्टणात, पिवळ्या चिकटपट्टीने खूण केलेले. शेजारी उभ्या असलेल्या बाई एका सहकाऱ्याला सांगत होत्या, "गावाचा अभिप्राय असा असावा. किती आतून लिहिलंय बघा!"

वाचकहो, माझ्या कादंबऱ्यांना अशी दाद कधी मिळाली नाही. आणि मिळाली तेव्हा कुठे तोंड लपवावे हे मला कळेना. त्या दिवशी मी काय भाषण केले ते आठवत नाही.

परतीच्या वाटेवर मात्र बराच विचार केला. पहिला विचार, अशा वेळी सर्वांनाच येतो तसा, दुसऱ्याला दोष देण्याचा होता: हे मोजमापाचे वेडच वाईट. सेवा ती सेवा. तिला तराजू कशाला? पण अहमदपूर येईतो तो विचार टिकला नाही. मोजमाप उगाच आलेले नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. 'मी नव्हे, तर तुम्ही' हे तिचे ब्रीद. मुलाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवस एखाद्या गावी राहायचे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, तेव्हा १९७३ साली देशभरच्या शिबिरांचा विषयच दुष्काळाशी सामना हा होता. ह्या कामात सरकारचा, म्हणजे तुमचा आमचा, पैसा आहे आणि त्याहून मोलाचे म्हणजे विशीतल्या पोरांचे दिवस आहेत. त्याचा हिशेब नको म्हणणारा माणूस एक तर साधू असला पाहिजे, नाही तर कामचुकार. हिशेब नसला की मन लावून राबणारा आणि नुसता मिरवणारा एकाच मापाने मोजले जातात. शाळेत परीक्षा नको म्हणणारी मुले कोणती असतात हे मास्तराला चांगले माहीत असते.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद १९९४ साली बेंगळुरूला स्थापन झाली. तिने संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्यालाही गुण ठेवले, ही गोष्टही चांगलीच म्हटली पाहिजे. नाही तर गावाकडे ढुंकून न पाहता महाविद्यालये उत्तम ठरली असती. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समाजसहभागाची नवी मार्गदर्शिका काढली. तीत दोन श्रेयांकांचा तीस तासांचा अभ्यासक्रम सुचविला आहे आणि त्यातला निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष लोकांत घालवावा असे म्हटले आहे. गावाला शिकवायचे तसे गावापासून शिकायचेही, हे तत्त्वही तीत आहे. म्हणजे कागदावर वाईट काहीच नाही. अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानाने २००६ पासून विद्यापीठांच्या अशा कामाची वेगळी प्रतवारी सुरू केली. तिथेही विद्यापीठाने आपला पुरावा आपणच गोळा करून मांडायचा असतो. हा पेच सगळीकडचाच.

मग चुकते कुठे? चाकूर गेले तरी मला ते सापडले नाही. ते सापडले घरी आल्यावर, आणि तेही काकूच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गायरानात गेलो. जे दिसले ते पुढे सांगतो. परत येताना काकूच्या ओट्यावर टेकलो आणि राहवेना म्हणून तिला सगळे सांगितले. नांदेड, तो अहवाल, ते पत्र. काकू तूर पाखडीत होती. ती पाखडायची थांबली.

"गावाच्या नावानं लिवलास?"

"हो."

"मग गावाला वाचून दावलास का?"

"नाही."

"टाकी वाजविल्याबिगरच अंगठा दिलास म्हण की!"

ह्या टाकीची गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगावी लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला आली आणि साऱ्या देशाने तिची छायाचित्रे पाहिली. खेड्यांकडे रेल्वे येत नाही; आमच्याकडे टँकर येई. टँकर किती खेपा करतो त्याची एक वही असे आणि प्रत्येक खेपेला त्या वहीत गावच्या बाया सही किंवा अंगठा करीत. एकदा टँकर अर्धाच भरून आला. तेव्हापासून काकूने नियम केला. वही पुढे आली की ती आधी हातात दगड घेऊन टाकी खालपासून वरपर्यंत वाजवीत जाई. भरलेल्या टाकीचा आवाज निराळा, रिकामीचा निराळा. वरपर्यंत भरीव आवाज आला तरच अंगठा. ड्रायव्हर कुरकुरे. काकू म्हणे, "पानी मला प्यायचं हाय, तुला न्हाई." त्या उन्हाळ्यात पुढे अर्धा टँकर आमच्या गावात आला नाही.

मला जे अहमदपूर-चाकूरच्या रस्त्यावर सापडले नाही ते हेच होते. टँकरच्या वहीत अंगठा कोणाचा, तर पाणी पिणाराचा. तिथे खोटेपणा करणे अवघड होते. शिबिराच्या अहवालात सही गावाची, परंतु अहवाल गावासाठी नव्हे. तो समितीकडे जातो, तिथून कपाटात. काकूने चाळीस प्रश्नांची उत्तरे दिली, कर्ज सांगितले. त्या कागदांची बेरीज काय निघाली हे तिला कोणी येऊन सांगितले नाही. चित्रात बैल कसा उतरला हे बैलाला विचारता येत नाही. गावाला विचारता येते. आम्ही विचारीत नाही, एवढेच.

आणि मला एक फार जुनी गोष्ट आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आमचे गाव त्यांत नव्हते, पण माळवदाची घरे आमचीही खचली होती आणि आम्ही महिनाभर शेतात झोपत होतो. काही दिवसांनी कुठल्याशा महाविद्यालयाची मुले आली. ढिगारे उपसले, धान्य बाहेर काढून दिले. त्यांतल्या एका चष्मेवाल्या मुलाने घरोघरी फिरून पडझडीची यादी केली आणि संध्याकाळी पारावर उभा राहून ती सगळ्यांपुढे मोठ्याने वाचली. वाचता वाचता लोक त्याला अडवू लागले. "त्याची भिंत पडली न्हाई, आदीच पडकी हुती." "त्या बाईचं घर राहिलं की लेकरा!" त्या बाईचे घर गावकुसाबाहेर होते, मुलगा तिकडे पोहोचला नव्हता. त्याने तिथल्या तिथे कंदिलाच्या उजेडात यादी दुरुस्त केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. कोणी काही बोलले नाही, तेव्हा खाली बसला. त्या यादीचे पुढे काय झाले ह्याची चौकशी करण्याचे माझे वय नव्हते. परंतु ती खरी होती. त्या मुलाला लबाडी येत नव्हती म्हणून नव्हे. सगळ्यांसमोर वाचली म्हणून खरी होती.

२०२३ च्या जानेवारीत दुसऱ्या एका महाविद्यालयाचे शिबीर आमच्या गावी यायचे ठरले. गावाची निवड त्यांनी का केली असेल? त्या पत्रामुळे! जागृत गाव, झाडे जपणारे गाव. शिबिराच्या प्रमुख बाई आधी पाहणीला आल्या तेव्हा मी त्यांना सगळे खरे सांगितले आणि म्हणालो, "बाई, आणखी झाडे लावण्याआधी पहिली मोजू. आणि शिबिराचा अहवाल शेवटल्या रात्री पारावर वाचून दाखवाल का? छापायला जायच्या आधी." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचीन. पण तुमचं पत्रही तुम्हाला वाचावं लागेल."

इथे माझी खरी परीक्षा होती. त्या तरुण प्राध्यापकाला फोन केला. त्याचे तास केव्हाच बंद झाले होते. तो आता शिकवणी घेऊन पोट भरीत होता. माझे ऐकून म्हणाला, "वाचा सर. त्या आकड्यानं मी पण सुखाने झोपलो नाही. फक्त माझं नाव नका घेऊ." नाव मी तेव्हा घेतले नाही, आत्ताही घेत नाही. मी हात दिला नसता तर ते पत्र लिहिले गेले नसते.

शिबिराच्या पहिल्याच सकाळी आम्ही गायरानात गेलो. दहाबारा मुले, बाई, सरपंच, मी आणि काठी टेकीत काकू. दोनशेपैकी अकरा झाडे उभी होती. सात करंज, चार कडुलिंब. सीताफळ एकही नाही. मुलांचे चेहरे उतरले. एकाने विचारले, "मग हे सगळं वायाच गेलं का?"

काकू मात्र अकरा झाडे एकेक करून पाहत होती. "वाया कसं? बगा की," ती म्हणाली. "करंजाला शेळी तोंड लावत न्हाई, म्हणून करंज राहिले. आनि समदी बांधाच्या खालच्या अंगाला हायती. वरल्या अंगाला पानी थांबतच न्हाई." मुलांपैकी एकाने ते लिहून घेतले. एकशे सत्तरच्या आकड्यातून कोणाला काही शिकता आले नव्हते. अकराने पाच मिनिटांत दोन गोष्टी शिकवल्या. बाईंनी तिथेच ठरविले की ह्या शिबिरात झाडे लावायची नाहीत. बांधाच्या खालच्या अंगाला नुसते खड्डे घेऊन ठेवायचे आणि पाऊस पडल्यावर, आषाढात, एका रविवारी मुलांनी येऊन करंज लावायचे. अहवालात त्या वर्षी 'लावलेली झाडे' ह्या रकान्यात शून्य पडणार होते. "पाहू काय होतं ते," बाई म्हणाल्या. त्या म्हणाल्या तितक्या निश्चिंत त्या नव्हत्या, हे दिसत होते. अशा शून्यावर उद्या कोणी बोट ठेवले तर जबाब त्यांना द्यायचा होता, मला नव्हे.

शेवटल्या रात्री मारुतीपुढच्या पारावर गाव जमला. आधी मी माझे पत्र वाचले. 'डौलाने उभे आहेत' ह्या शब्दांना मागून कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. 'पोटच्या लेकरांप्रमाणे' ह्यावर कोणी हसले नाही. ती शांतता मला हसण्यापेक्षा जड गेली. वाचून झाल्यावर मी म्हणालो की हे गावाने लिहिले नव्हते, मी लिहिले होते. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, आमच्या पीकविम्याच्या अर्जातबी असंच लिवता का?" मी नाही म्हणालो. त्याला ते पटले की नाही सांगता येत नाही. तेव्हापासून तो माझ्याकडून अर्ज लिहून घेतो खरा, पण सही करण्यापूर्वी वाचून दाखवा म्हणतो.

नंतर बाईंनी आपला अहवाल वाचला. लोकांनी अडविले तिथे थांबून दुरुस्त्या केल्या. तीन जुन्या शोषखड्ड्यांपैकी दोन गाळाने बुजल्याचे एका सुनेने सांगितले. ते लिहिले गेले. पुढच्या कोऱ्या पानावर बाईंनी विचारले, "मागच्या शिबिराचा आणखी काही उपयोग झाला का कुणाला?"

कोणी बोलेना. मग काकूने आपल्या उजव्या डोळ्यावर बोट ठेवले. "ह्यो डोळा," ती म्हणाली, आणि त्या मुलीची आणि तिच्या रिक्षावाल्या वडिलांची हकीगत सांगितली. चार वर्षांत ती पहिल्यांदाच कोणी विचारली होती. महाविद्यालयाच्या अहवालात नसलेली झाडे होती आणि असलेला डोळा नव्हता. हा डोळा कोणत्या रकान्यात घालावा ह्याचा बाईंनी थोडा विचार केला आणि शेवटी कोणताच रकाना न सापडल्यामुळे पानाच्या समासात लिहिला.

त्या अहवालाला समितीने किती गुण दिले ते मी विचारले नाही. आषाढात मुले आली. पन्नासातली चौदा आली, तीही एस.टी.च्या गर्दीत रोपांच्या पिशव्या सांभाळीत. करंज लावले. त्यांतले किती जगले हे आम्ही दर वर्षी पौषात मोजतो आणि आकडा पारावरच्या भिंतीवर लिहितो. अक्षर माझेच; आकडा मात्र आधी मोठ्याने सांगावा लागतो.

त्या रात्री अहवालाच्या शेवटी गावाच्या सह्या झाल्या. काकूपुढे कागद आला तेव्हा शाईची डबी उघडून मी तिचा अंगठा धरला. तिने तो सोडवून घेतला.

"अगुदर डोळ्याचं काय लिवलंय ते पुन्हा एकदा वाच," ती म्हणाली.

बाईंनी वाचले. मग काकूने अंगठा उमटविला.